चाखील त्याने राखावे



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हणालो होतो. ह्या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, वकील येतात, ग्रंथकार येतात. आमचे शाळेतील शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकाशी आणि रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तरीही चालकांनी आग्रह धरला आणि विचारले, "विषय कोणता लिहू? बोनस की किमान वेतन?" आम्ही म्हणालो, "उत्तर अमेरिकेतील पाच सरोवरे." ते हसले. आपणांसही हसू आले असेल. म्हणून कामगार चळवळीतल्या माणसाला इतक्या दूरच्या पाण्याशी काय कर्तव्य, ते आधी सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वीचा उन्हाळा. आम्ही तेव्हा संघटनेचे अगदी नवे कार्यकर्ते होतो. आमच्या कामगार वस्तीतले नळ मार्चअखेरीसच कोरडे पडले. बायका पहाटे तीनला उठून रांगेत हंडे लावीत आणि पाळी सुटलेले गडी त्याच हंड्यांवरून एकमेकांच्या अंगावर जात. आम्ही मोर्चा काढला, फाटकाशी बैठक मारली, आणि आठव्या दिवशी व्यवस्थापनाने वस्तीला रोज टँकरने पाणी देण्याचे कबूल केले. त्या रात्री वस्तीत गुलाल उधळला. खेपा मोजण्याचे काम संघटनेने आमच्याकडे सोपवले. मांडीवर वही घेऊन ड्रायव्हरशेजारी बसलो आणि पहिल्या खेपेला निघालो. टँकर कोठे भरणार, हे विचारण्याचे तोवर आम्हां कोणाच्याही मनात आले नव्हते.

टँकर भरत होता शहरापासून बाराएक मैलांवरच्या एका गावच्या तळ्यावर. त्या गावाने तळ्याचे नियम बांधले होते. पिण्याच्या घाटावर गुरे उतरवायची नाहीत, धुणे खालच्या अंगाला, आणि होळीनंतर घरटी मोजूनच घागरी. आमच्या टँकरला मात्र मोजमाप नव्हते. कंत्राटदाराने कोणाशी तरी बोलणे केले होते; घागरी मोजणाऱ्या बायकांना कोणीच विचारले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात त्या बायका टँकरपुढे येऊन बसल्या. त्यांतल्या एका आजींनी आमच्या हातातल्या वहीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "लेकरा, भांडण तुमचं मालकासंगं. मग पाणी आमचं का नेता?"

आमच्या त्या वहीत त्या दिवशीच्या खेपा लिहिलेल्या आहेत. ह्या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले नाही. मे संपताना तळ्याचा तळ दिसला, आणि जूनमध्ये त्या गावालाच टँकर लावावा लागला. तो उन्हाळाभर कारखान्याच्या दारातील हिरवळ मात्र हिरवी होती. आम्ही चोर नव्हतो, खरोखरीच तहानलेले होतो. आणि तरीही आजींचा प्रश्न खरा होता. दोन तहानलेल्यांत पाणी कोणत्या न्यायाने वाटावे? हा प्रश्न घेऊन आम्ही पुष्कळ वाचले. त्याचा सर्वांत खटपटीने, शंभर वर्षे भांडून केलेला विचार आम्हांस ज्या ठिकाणी सापडला, तेथे आज आपणांस नेतो.

शाळेच्या भूगोलात आपण पंचमहासरोवरे शिकलो: सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टॅरिओ. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सरहद्दीवरची ही सरोवरे सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर जागा व्यापतात. आपल्या महाराष्ट्राचे पाच भाग केले तर त्यांतले चार भाग नुसते पाणी, असे समजा. एकट्या सुपीरियरमध्ये कोयनेच्या धरणासारखी सुमारे चार हजार धरणे मावतील. बर्फ सोडला तर पृथ्वीच्या पाठीवर जे गोडे पाणी आहे, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा ह्या पाच सरोवरांत आहे. सुमारे चार कोटी माणसे हे पाणी पितात. ह्या पाण्याला अमेरिकेची आठ घटकराज्ये आणि कॅनडाचे ऑन्टॅरिओ व क्वेबेक हे दोन प्रांत, असे दहा भागीदार.

आता आपण म्हणाल, इतके पाणी असताना भांडण कसले? दिले थोडे कोणाला तर काय बिघडले? येथे आमच्या धंद्यातला दाखला देतो. प्रत्येक संघटनेचा एक निधी असतो. त्यात मुद्दल वेगळे आणि वर्षाची वर्गणी वेगळी. मुद्दल पाहून खर्च करू लागलेली संघटना पहिल्या लांबलेल्या संपात मोडते. ह्या सरोवरांचे मुद्दल हजारो वर्षांपूर्वी वितळलेल्या हिमनद्यांनी ठेवलेले आहे. पाऊस, हिम आणि झरे मिळून दर वर्षी जी नवी भर पडते, ती एकूण पाण्याच्या सुमारे एक टक्का. म्हणजे शंभर रुपयांच्या ठेवीवर एक रुपया, आणि त्या एका रुपयावर चार कोटींचा संसार, मासे, पाणथळी, जहाजे आणि नायगाराचे वीजघर. सरोवर मोठे दिसते ते मुद्दलामुळे. खर्चायला आहे ते व्याज.

हे भान तेथल्या लोकांना आधी नव्हते. ते कसे आले, हे शिकागो शहराच्या गोष्टीवरून कळते. शिकागो मिशिगन सरोवराच्या काठी वसले. शहर पिण्याचे पाणी सरोवरातून घेई आणि आपला मैला शिकागो नदीत सोडी. ती नदी पुन्हा सरोवरालाच मिळे. रोगराई वाढली. तेव्हा शहराने २८ मैलांचा कालवा खणला आणि १९०० सालच्या जानेवारीत नदी उलटी वाहवली. सरोवराचे पाणी शहरातली घाण घेऊन पश्चिमेला, मिसिसिपी नदीत आणि तेथून मेक्सिकोच्या आखाताकडे जाऊ लागले. शहर वाचले. पण खालच्या अंगाचे मिसूरी राज्य म्हणाले, तुमची घाण आमच्या दारी. आणि वरच्या अंगाची राज्ये म्हणाली, आमचे पाणी तुमच्या गटारात.

मिसूरीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९०६ मध्ये पुराव्याअभावी फेटाळला. मग विस्कॉन्सिन आणि इतर राज्ये उभी राहिली, कारण उपसा वाढत जाऊन सरोवराची पातळी घटत होती. १९३० मध्ये न्यायालयाने हुकूम केला की उपसा टप्प्याटप्प्याने कमी करा. पुढे १९६७ च्या हुकुमाने पिण्याच्या पाण्यासह एकूण मर्यादा ३,२०० क्युसेक ठरली. ती आजही आहे. हा आकडा आपल्या मापात सांगतो. मुंबई महानगरपालिका दिवसाला सुमारे ४०० कोटी लिटर पाणी पुरवते. शिकागोला ह्या हुकुमाने दिवसाला त्याच्या जवळजवळ दुप्पट, सुमारे ७८० कोटी लिटर सरोवराबाहेर नेता येते. एकदा खणलेला कालवा पुन्हा बुजत नाही. ज्या शहराचा संसार त्यावर उभा राहिला त्याला न्यायालयही "बंद कर" म्हणू शकले नाही, "मोजून घे" एवढेच म्हणू शकले. म्हणून ह्या कामात खणण्यापूर्वी विचारावे लागते.

प्रामाणिकपणाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९४० च्या सुमारास कॅनडाने उत्तरेकडे, हडसनच्या उपसागराकडे वाहणाऱ्या ओगोकी आणि लाँगलॅक येथील नद्यांचे पाणी वळवून सुपीरियरमध्ये आणले, आणि शिकागो नेते त्याहून ते अधिक आहे. हिशेबाच्या वहीत बेरीज वजाबाकीहून मोठी दिसते. पण ते पाणीही कोणाच्या तरी नदीतून आले. तेथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांना त्या वेळी कोणी विचारले नव्हते. आमच्या टँकरसारखेच ते.

यानंतरची मोठी हाक १९९८ सालची. कॅनडातील एका कंपनीला ऑन्टॅरिओ प्रांताने परवाना दिला की सुपीरियरचे पाणी जहाजांत भरून आशियात विकावे, वर्षाला ६० कोटी लिटरपर्यंत. दोन्ही देशांत गदारोळ उठला आणि परवाना मागे घ्यावा लागला. आम्ही ही बातमी वाचली तेव्हा बोटांवर हिशेब केला. शिकागोच्या कालव्यातून दोन तासांत जेवढे पाणी जाते, तेवढे हे वर्षाचे नव्हते. मग लोक एवढे का खवळले?

खवळले ते योग्यच, असे आम्हांस वाटते. शिकागोने पाणी नेले ते पिण्यासाठी, घाण वाहून नेण्यासाठी आणि जहाजांसाठी. त्यात चूक असेल, पण ती एका शहराच्या गरजेची चूक. येथे पाणी प्रथमच माल होत होते. एक गिऱ्हाईक केले की दुसऱ्याला नाही कसे म्हणणार? आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारांत तर मालाला आडकाठी करणे हाच गुन्हा. आणि ज्याच्या खिशात पैसा त्याची तहान आधी, असा न्याय एकदा आला की आजींच्या तळ्याला कोण विचारतो? कामगार चळवळीने शंभर वर्षे सांगितले की माणसाचे श्रम म्हणजे बाजारातला नुसता माल नव्हे. पाण्याबद्दलही तेच म्हणावे लागेल.

ह्या गदारोळातून आठ राज्ये आणि दोन प्रांत एकत्र बसले. १९०९ चा सरहद्दीवरील पाण्याचा तह होता, पण तो दोन देशांमधला. आणि मिशिगन सरोवर पूर्णपणे अमेरिकेत असल्याने सरहद्दीचे पाणी ठरत नव्हते. १९८६ चा अमेरिकेचा कायदा म्हणे की आठही गव्हर्नरांच्या संमतीवाचून पाणी बाहेर जाऊ नये. पण संमती कोणत्या कसोटीवर द्यायची ते त्यात नव्हते. १९९२ मध्ये इंडियाना राज्यातील लोवेल ह्या लहान गावाने पाणी मागितले. त्यांच्या विहिरींत फ्लोराइड फार होते. मिशिगनच्या गव्हर्नरांनी एकट्यांनी नकार दिला आणि विषय संपला. नकार योग्य असेल, अयोग्य असेल. पण तो नियमाचा नकार नव्हता, एका खुर्चीचा होता.

म्हणून २००५ च्या डिसेंबरात नवा करार झाला. आठही राज्यांच्या विधिमंडळांनी तो एकेक करून संमत केला, अमेरिकेच्या काँग्रेसने मान्यता दिली, आणि डिसेंबर २००८ पासून तो लागू झाला. ऑन्टॅरिओ आणि क्वेबेक यांनी जोडीचा समझोता केला. कराराचे सार थोडक्यात असे: पाणलोटाबाहेर नवे पाणी न्यायचे नाही. अपवाद फक्त पाणलोटाच्या कडेवर असलेल्या वस्त्यांचा, किंवा ज्या जिल्ह्याचा काही भाग पाणलोटात येतो अशा जिल्ह्यातील वस्त्यांचा. त्यांनीही पाणी सार्वजनिक पुरवठ्यासाठीच घ्यायचे, आधी घरची गळती आणि उधळपट्टी थांबवायची, दुसरा रास्त मार्ग नाही हे सिद्ध करायचे, आणि वापरलेले पाणी शुद्ध करून सरोवराला परत करायचे. जिल्ह्याच्या अपवादाखाली मागणाऱ्याला आठही राज्यांचा होकार हवा.

हा नियम कागदावर राहिला नाही. विस्कॉन्सिनमध्ये वॉकशा नावाचे सुमारे ७० हजार वस्तीचे शहर आहे. सरोवराच्या काठापासून ते तीस किलोमीटरांच्या आत, पण पाणलोटाची कड मध्येच येते आणि शहर पलीकडे पडते. त्यांच्या खोल विहिरींच्या पाण्यात रेडियम निघाले, सरकारी मर्यादेहून अधिक. २०१० मध्ये त्यांनी अर्ज केला. सहा वर्षे जाहीर सुनावण्या, तपासण्या आणि विरोध चालला. त्यांनी पुढे दिवसाला सुमारे ३ कोटी ८० लाख लिटरची मागणी ठेवली. आसपासच्या गावांचा वाढीव भाग वगळून मिळाले सुमारे ३ कोटी १० लाख. २१ जून २०१६ रोजी आठही राज्यांनी एकमताने होकार दिला. ऑक्टोबर २०२३ पासून वॉकशाच्या नळांना सरोवराचे पाणी येते आणि वापरलेले पाणी शुद्ध होऊन रूट नदीतून सरोवराला परत जाते. लोवेलचे गाऱ्हाणेही असेच होते. तेव्हा कसोटी नव्हती, आता होती. तहानलेल्याला दार उघडले, आणि कुलूपही शाबूत राहिले.

आता कटू भाग. बाहेरच्याला अडवणे हे राखणीचे अर्धे काम. आतला माणूस कसा वागतो, हे उरलेले अर्धे. ह्याच कराराने वीसेक लिटरपर्यंतच्या भांड्यांतून पाणी बाहेर नेण्याचा प्रश्न त्या त्या राज्यावर सोडला आहे. म्हणजे जहाज अडले, पण बाटली सुटली. १९९८ चा संताप ह्या फटीतून हळूच पाझरून गेला.

आम्ही रोजगाराच्या बाजूची माणसे, म्हणून पुढची गोष्ट आम्हांस अधिक लागते. २०१७ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये फॉक्सकॉन कंपनीच्या कारखान्याची घोषणा झाली. नोकऱ्या १३ हजार. २०१८ मध्ये राज्याने रसीन शहरामार्फत त्या भागाला दिवसाला सुमारे अडीच कोटी लिटरहून अधिक पाणी मंजूर केले. जागा पाणलोटाच्या कडेवरच्या वस्तीत, म्हणून इतर सात राज्यांना विचारण्याचे कारण पडले नाही. कारखान्याचे पाणी हा सार्वजनिक पुरवठा कसा, असा आक्षेप आला. तो टिकला नाही. आणि नोकऱ्या? २०२१ च्या नव्या करारात १३ हजारांचा आकडा १,४५४ वर आला. नोकरीच्या नावाने पाणी मागणाऱ्याला आमच्यासारख्या माणसाने सर्वांत कसून विचारले पाहिजे, कारण सही आमच्या पोटाच्या नावाने होत असते.

आणि फ्लिंट. हे मिशिगन राज्यातले मोटार कामगारांचे गाव चळवळीतल्या माणसाला तीर्थासारखे. १९३६ च्या डिसेंबरअखेरीस तेथल्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडले आणि ४४ दिवसांनी संघटनेला मान्यता मिळवली. त्याच फ्लिंटमध्ये २०१४ च्या एप्रिलात पैसे वाचवण्यासाठी ह्यूरन सरोवराचे पाणी बंद करून स्थानिक नदीचे पाणी नळांना सोडले. त्यावर करायची प्रक्रिया केली नाही. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले आणि मुलांच्या रक्तात गेले. ऑक्टोबरात तेथल्या इंजिनांच्या कारखान्याने तक्रार केली की ह्या पाण्याने सुटे भाग गंजतात. कारखान्याला सरोवराचे पाणी मिळाले. माणसांना ते पुन्हा मिळायला आणखी एक वर्ष लागले. गाव पाणलोटाच्या आत होते. करार मोडला नव्हता. एक थेंबही बाहेर गेला नव्हता. तरी पोरांच्या आधी इंजिन वाचले.

तेव्हा राखणे म्हणजे नुसता पहारा नव्हे. ह्या सरोवरांकाठचे मूळ रहिवासी, अनिशिनाबे लोक, हे फार आधीपासून सांगत आले आहेत. कराराच्या दहा भागीदारांत त्यांना जागा नाही. त्यांच्यातल्या जोसेफिन मँडामिन ह्या आजी २००३ मध्ये तांब्याची कळशी पाण्याने भरून निघाल्या आणि सुपीरियर सरोवराच्या काठाने पायी चालत गेल्या. पुढल्या वर्षांत इतर सरोवरांभोवतीही. हातात फलक नव्हता, घोषणा नव्हती. कळशी खाली टेकवायची नाही, पाणी चालते ठेवायचे, एवढेच. २०१९ मध्ये त्या वारल्या. त्यांचे वर्णन वाचताना आम्हांस टँकरपुढे बसलेल्या आमच्या आजी दिसल्या. तांब्याची कळशी दोघींच्याही ओळखीची.

आपल्याकडे म्हण आहे, तळे राखील तो पाणी चाखील. तिचा अर्थ आपण असा लावून ठेवला आहे की राखणदाराने थोडे खाल्ले तर चालायचेच. पंचमहासरोवरांच्या शंभर वर्षांनी आम्हांस ती उलटी वाचायला शिकवले: चाखील त्याने राखावे. जो पाणी पितो, मग तो काठावरचा असो की कडेपलीकडचा, त्याने राखणीत वाटा उचलावा. विचारून घ्यावे, मोजून घ्यावे, आधी आपली गळती बुजवावी, जमेल तेवढे शुद्ध करून परत द्यावे, आणि ज्यांच्या घागरी आधीपासून तेथे भरत आल्या त्यांना बैठकीत पहिली जागा द्यावी.

आजींच्या प्रश्नाला आज आम्ही उत्तर देऊ शकतो. आमची तहान खरी होती, म्हणून पाणी मागण्याचा आम्हांस हक्क होता. पण मागायचे होते ते आधी फाटकाच्या आत, त्या हिरवळीचे. मग तुमच्या गावात येऊन, तुमच्या सभेत, खाली बसून. आम्ही मोर्चा बरोबर काढला आणि टँकर चुकीच्या ठिकाणी नेला. हे सांगायला आम्ही काही वर्षांनी त्या गावी गेलो होतो. आजी नव्हत्या. त्यांच्या सुनेने आम्हांस ओळखले नाही, पण आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. ते पाणी टँकरचे होते.

आपल्या शहराची वस्तीही वाढते आहे. उद्या आपल्यासाठी कोठून तरी नवी जलवाहिनी येईल, आणि त्या दिवशी गुलाल उधळावासा वाटेल. उधळण्यापूर्वी एवढेच विचारा की हे पाणी कोठे भरते आणि तेथे कोणाला विचारले. सभेत एकाने जरी उठून हा प्रश्न केला, तरी आमचे आजचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.